छप्पर कोणाच्या मैदानावर?

रविवारच्या जेवणात एडगर सगडन आणि ह्यूबर्ट लिस्टर यांचं भांडण सहसा पुडिंग येईपर्यंत दम धरायचं. त्या रविवारी मात्र पहिला बटाटा कापला जाण्याआधीच ठिणगी पडली.

एडगर हा थ्रॉसडेनच्या लोकरीच्या गिरणीत रंगखात्याचा मुकादम आणि गावच्या रग्बी लीग क्लबचा सचिव. ह्यूबर्ट त्याच्या बायकोचा, विनीचा, थोरला भाऊ. धंद्याने दातांचा डॉक्टर आणि रग्बी युनियन क्लबचा सचिव. चेंडू दोन्हीकडे लंबगोलच, चिखलही तोच. पण लीगमध्ये तेराजण खेळत आणि खेळायचे पैसे घेत. युनियनमध्ये पंधराजण खेळत आणि पैशाचं नाव काढलं की कानांवर हात ठेवत. गावात त्यांना तेरावाले आणि पंधरावालेच म्हणत. एकाच घरात दोन्ही निघाले, की लोक त्या घराबद्दल हळहळत.

"बाराशे माणूस!" एडगर काटा उगारून म्हणाला. "काल आमच्याकडे बाराशे माणूस होतं. तुमच्याकडे किती? दीडशे. आणि त्यात कुत्रीपण धरलीत."

"पण आमच्या तिजोरीत शिल्लक आहे," ह्यूबर्ट शांतपणे म्हणाला. "तुमचे बाराशे फाटकावर जे देतात, ते संध्याकाळी खेळाडूंच्या खिशात जातं. आमचे सभासद वर्षाची वर्गणी आधीच भरतात. मग ते आले काय नि न आले काय."

"म्हणजे कुणीच आलं नाही तर तुमचा क्लब सगळ्यात फायद्यात?"

"हिशेबाने बघितलं तर, हो."

"ही रग्बी आहे का विमा कंपनी?"

"आणि तुमचं काय? गर्दी वाढली की खेळाडू जास्त मागतात. अजून दोन चांगली वर्षं गेली की क्लब विकायला काढाल!"

"आता दोघंही गप्प बसा," विनी म्हणाली. "छप्पर दोघांनाही नाहीये. पावसात तुझे बाराशे भिजतात, तुझे दीडशे भिजतात. उद्या सर्दी सगळ्यांना सारखीच होते."

छप्पर हा शब्द निघाला आणि दोघंही एकदम आपापल्या बटाट्यांकडे वळले, कारण खरं भांडण त्याचंच होतं. गिरणीमालकाच्या विधवा पत्नी, ऑर्मरॉडबाई, नवऱ्याच्या आठवणीत एका मैदानावर प्रेक्षकांसाठी पक्कं छप्पर बांधून देणार होत्या. कुठल्या मैदानावर, ते ठरलं नव्हतं. दोन्ही क्लबांनी आपापले आकडे पाठवले, तर बाईंनी ते न वाचताच परत धाडले. "कागदावर सगळेच गर्दीत असतात," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दोघांचेही सामने इथेच आहेत ना? मी चालत येईन आणि स्वतः बघेन. जिथे जास्त माणसं उभी, तिथे छप्पर."

तो आठवडा दोन्ही सचिवांनी सत्कारणी लावला. एडगरने जाहीर केलं, की येणाऱ्या प्रत्येकाला घोटलेले वाटाणे गरमागरम आणि फुकट. शिवाय गिरणीचं बँडपथक फाटकाशी वाजत राहणार. ह्यूबर्टने केक सांगितले. पण त्याचं खरं काम दवाखान्यात चाललं होतं. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात आरसा आणि आकडी दोन्ही घालून झाली, की तो मायेने विचारायचा, "शनिवारी येणार ना मैदानावर?" त्या अवस्थेत नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. "आँ" एवढाच आवाज यायचा, आणि ह्यूबर्ट तो होकार समजायचा.

शनिवारी दुपारी धुकं उतरलं.

ते डोंगरमाथ्यावरून सावकाश आलं. आधी वरची मेंढरं गेली, मग चॅपलचा कळस, मग गिरणीचं धुराडं मधूनच कापल्यासारखं अर्धं उरलं आणि थोड्या वेळाने तेही विरघळलं. गल्ल्यांमधून चालणाऱ्या माणसांचे नुसते बूट ऐकू येत. कुणी खाकरलं, तर ते खाकरणं बराच वेळ तिथेच तरंगत राही. सगळं गाव आपलंच स्वप्न बघत झोपलंय आणि आपण त्या स्वप्नातून हलक्या पावलांनी चाललोय, असं ज्याला त्याला वाटत होतं.

दोन्ही मैदानं गावाबाहेरच्या एकाच रस्त्याला लागून होती. आधी तेरावाल्यांचं फाटक, शेवटी पंधरावाल्यांचं, आणि मधे जोनास ग्रीनवुड नावाच्या शेतकऱ्याचं. बँडपथकाचा म्होरक्या सॅम ओल्डरॉइड कुंपणाला हात लावत लावत पुढे निघाला. पहिलं फाटक उघडंच होतं, त्यामुळे त्याच्या हाताला लागलंच नाही. हाताला लागलं ते दुसरं, बंद असलेलं. ते त्याने उघडलं, पथकाला आत घेतलं, आणि एडगरच्या हुकुमाप्रमाणे सगळ्यांनी जीव खाऊन वाजवायला सुरुवात केली.

धुक्यात डोळे गेले की माणूस कानांमागे जातो. तेरावाले आवाजामागे आले. ह्यूबर्टचे दुखऱ्या दाढांचे पेशंटही आवाजामागे आले. वाटाण्यांची हातगाडी आली, केकच्या टोपल्या आल्या. तिकिटं घ्यायला फाटकाशी कुणीच नव्हतं. आज फुकटच दिसतंय, असं म्हणत लोक आत शिरत राहिले.

एडगर आपल्या मैदानावर एकटाच उभा होता. समोर सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली, पण भोवती कुणी बोलेना. आपला बँड मात्र लांब कुठेतरी वाजतोय. माणसं तिकडच्या टोकाला जमली असणार, असं समजून तो आवाजाच्या दिशेने निघाला. वाटेत एक ओहोळ लागला, त्यात त्याचा एक बूट भिजला. आपल्या मैदानात ओहोळ कधीपासून आला, हा प्रश्न त्याला पडला खरा, पण तेवढ्यात त्याचा खांदा कुणाच्या तरी खांद्याला लागला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. गर्दी होती! ओल्या लोकरीच्या कोटांचा वास दाट झाला होता. एडगरचा ऊर भरून आला.

"अहो, काय चाललंय पुढे?" शेजारून एका बाईचा आवाज आला. "मला तर काही म्हणजे काही दिसत नाही."

आवाज ऑर्मरॉडबाईंचा होता. एवढी गर्दी जमवली आणि बाईंना दिसत नाही! त्याने कान टवकारले. समोरच्या पांढऱ्या पडद्यामागून चिखल तुडवल्याचे आवाज येत होते. जोरजोरात धापा. मग एक जडसं अंग दुसऱ्यावर आदळल्याचा धप्प आवाज.

"रेटारेटी चाललीये, बाई," तो म्हणाला. "आपली पोरं खांदे लावून उभी आहेत. ऐका, दम कसा लागलाय!"

"आणि आता?"

थपथप थपथप असं काहीतरी वेगात डावीकडून उजवीकडे गेलं.

"सुटला! टेरेन्स बूथ सुटला!" एडगर ओरडला. "चेंडू छातीशी धरलाय. पहिल्याला हुलकावणी दिली. दुसरा पायाशी आला, त्याच्यावरून उडी! कसला पळतोय, बाई! असा मी एकदाच पळालो होतो, लग्नाच्या आधी. गवताला पाय लागत नव्हते..."

त्याचे डोळे आपोआप मिटले. न दिसणाऱ्या सामन्यापेक्षा मिटल्या डोळ्यांपुढचा सामना फारच स्वच्छ होता. तिथे ऊन होतं. गवत हिरवंगार होतं. टेरेन्स बूथ ससाण्यासारखा झेपावत होता, आणि एडगर ते सगळं सांगत होता. आवाज ऐकून माणसं जवळ सरकली. बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं.

"चेंडू रेषेपार टेकवला! ट्राय!" एडगर म्हणाला, आणि शेकडो गळ्यांनी आरोळी ठोकली.

"कसला ट्राय?" धुक्यातून एक ओळखीचा आवाज आला. "रेषेच्या बाहेर पाय पडला त्याचा. स्पष्ट ऐकू आलं."

"ह्यूबर्ट? तू आमच्या मैदानात काय करतोयस?"

"तुमच्या? मी तर आमच्याच फाटकातून आत आलो. तूच आमच्याकडे आलायस. बाई, हे पंधरावाल्यांचं मैदान आहे. आणि आता ऐका, आमचा पीटर हेलवेल येतोय. बँकेत कारकून आहे बिचारा, पण आज बघा..."

"बँकेत काम करणारा एवढा धापा टाकेल होय? टेरेन्सच आहे तो!"

"हेलवेल!"

"टेरेन्स!"

"दोघंही असतील," ऑर्मरॉडबाई समजुतीने म्हणाल्या. "तुम्ही थांबू नका. सांगा पुढे."

मग दोघंही सांगू लागले. आधी एकमेकांचं खोडत, मग हळूहळू एकमेकांचं उचलत. हेलवेलने चेंडू उंच मारला तर तो ढगात हरवून गेला, आणि परत आला तेव्हा टेरेन्सच्या हातात पडला. मैदानात तेराजण होते की पंधरा, का अठ्ठावीस, हे कुणी विचारेना. दाढ दुखणारे दाढ विसरले. वाटाण्यांचे द्रोण हातातल्या हातात गार झाले. लोक डोळे मिटून, अंगावर दव घेत उभे होते. अधूनमधून सगळ्यांच्या तोंडून एकदम "ओऽऽह" असं निघे आणि धुकं थोडंसं हले.

गर्दीत ओल्या केसांचा एक तरणा माणूस येऊन उभा राहिला. "कुणाचा सामना चाललाय?" त्याने शेजारच्याला विचारलं.

"शू! टेरेन्स बूथ परत सुटलाय."

तो माणूस तोंडाचा आ करून ऐकत राहिला. तो टेरेन्स बूथच होता. दोन्ही मैदानांवरच्या पंचांनी, स्वतःची शिट्टीही दिसेनाशी झाल्यावर, सामने केव्हाच बंद केले होते आणि खेळाडू गरम पाण्याने अंघोळी करून मोकळे झाले होते. पुढे लोकांनी त्याला विचारलं, तू तेव्हाच का नाही बोललास? तर म्हणाला, "कसं बोलणार? एवढं चांगलं मी आयुष्यात खेळलो नव्हतो. शेवट काय होतो ते बघायचं होतं मला."

शेवट वाऱ्याने केला. ओहोळावरून एक झुळूक आली आणि धुक्याची चादर टोकाला धरून ओढल्यासारखी सरकली. एडगर त्या वेळी म्हणत होता, "आणि हा बघा आपला टेरेन्स, थकलाय, पण मान ताठ..."

समोर एक तांबडा गोऱ्हा उभा होता. मान ताठ, नाकपुड्यांतून वाफ. त्याच्यामागे आणखी दहाबारा गोऱ्हे, शेणाचिखलाने माखलेले, गर्दीकडे कुतूहलाने बघत रवंथ करत होते. आणि त्या सगळ्यांच्या मागे, ग्रीनवुडच्या कुरणाला चारी बाजूंनी वेढा घालून, अख्खं थ्रॉसडेन उभं होतं. तेरावाले, पंधरावाले, चॅपलचे पाद्री आणि गळ्यात भला मोठा ढोल घेतलेला सॅम ओल्डरॉइड.

कुंपणापाशी जोनास ग्रीनवुड दिसला.

"माझ्या गोऱ्ह्यांना काय बघताय रे सगळे?" तो म्हणाला. "कधी बघितले नाहीत होय?"

एडगरने ह्यूबर्टकडे पाहिलं. ह्यूबर्ट आपल्या बुटांकडे पाहत होता. दोघांच्याही डोळ्यांपुढून छप्पर उडत चाललं होतं.

ऑर्मरॉडबाईंनी मात्र सावकाश एक गिरकी घेऊन सगळी गर्दी नजरेखालून घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुक्याचं असेल. "इतकी माणसं मी या गावात एका जागी कधी पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. जिथे जास्त माणसं, तिथे छप्पर."

"बाई, पण हे कुरण आहे!" दोन्ही सचिव एका आवाजात म्हणाले. एकमेकांशी त्यांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

"मग गोऱ्ह्यांनाही आडोसा होईल," बाई म्हणाल्या.

वसंतात छप्पर उभं राहिलं. चांगलं लांबलचक, लोखंडी खांबांचं. जोनास ग्रीनवुडने एक बाजू जनावरांना दिली, दुसऱ्या बाजूला बाकं टाकली आणि पावसाच्या शनिवारी आत येणाऱ्याकडून एक पेनी घ्यायला सुरुवात केली. त्याला खेळाडूंना काही द्यावं लागत नव्हतं, केक लागत नव्हते, वर्गणीच्या मागे फिरावं लागत नव्हतं. गर्दी आणि शिल्लक दोन्ही असलेला गावातला तो एकटाच निघाला. रविवारच्या जेवणात मग भांडायला फारसं उरलं नाही. दोघं पुडिंग शेवटच्या घासापर्यंत खाऊ लागले, आणि विनीला आपलं पुडिंग किती लहान होतं ते पहिल्यांदाच कळलं.

पुढच्या हिवाळ्यात दोन्ही क्लबांच्या समितीपुढे एकच विषय आला: पाऊस पडला, की मध्यंतरानंतर मैदान रिकामं का होतं? माणसं जातात कुठे? चौकशीचं काम अर्थातच सचिवांवर सोपवलं गेलं. एडगरने एका सभेत आणि ह्यूबर्टने दुसऱ्या सभेत, मान खाली घालून, "बघतो" असं सांगितलं.

आणि पुढच्या शनिवारी पाऊस लागला तेव्हा दोघंही ग्रीनवुडच्या छपराखाली, कान टवकारून दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या मधोमध, गोऱ्ह्यांकडे पाठ करून आणि डोळे मिटून उभे होते. "हं," ह्यूबर्ट हळूच म्हणाला, "आज सुरुवात तू कर."