एक्केचाळीस किलो कचरा

सकाळी दहाला धोंडिराम परब शटर वर करून आत गेले, तसेच उलटे बाहेर आले आणि त्यांनी डोक्यावरची पाटी वाचली. 'परब कंगवा उद्योग, असल्फा, घाटकोपर.' म्हणजे गाळा आपलाच होता. मागच्या भिंतीला टेकवलेली प्लास्टिकच्या कचऱ्याची चार पोती तेवढी नव्हती.

कारखाना बायकोच्या माहेरच्यांसारख्या अधूनमधून येणाऱ्या तपासणीवर चालतो. बिघडलेले, मोडके कंगवे सरकारमान्य कंपनीलाच द्यायचे, तोवर सांभाळायचे आणि त्यांचं वजन वहीत लिहायचं, असा नियम. वहीत एक्केचाळीस किलो होते. प्रदूषण मंडळाच्या श्रुतिका मॅडम आज चारला येऊन ते मोजणार होत्या. ग्रॅम इकडेतिकडे झाला, की मशीनला सील.

गाळ्याच्या वरच घर. परबांनी खालूनच हाक मारली, "उत्तरा! पोती खंय गेली?"

"कसली? तो पसारा? सरकारी बाई येणार म्हणून काल सगळं झाडून घेतलं मी. भंगारवाल्याला दिली. तीन किलो लसूण दिला हो त्यानं! गावठी!"

"अगो, ती बाई कचराच बघूक येता!"

"कचरा बघायला कोण कुणाकडे येतं?" उत्तराबाईंनी विचारलं.

परब रिक्षा करून गोवंडीला भंगारवाल्या माणिकच्या गोदामात पोचले.

"शेठ, तुमचा माल रात्रीच दळला," माणिक म्हणाला. "आत्तापर्यंत बादली झाली असेल त्याची. दुसरा देऊ का? शाम्पूच्या बाटल्या आहेत. चपला आहेत, एकदम झकास."

"कंगव्याच्या कारखान्यात चपला कशा निघतील रे?"

"मॅडमना सांगा, नवीन डिझाइन आहे."

परतल्यावर परबांनी बाळकाकांना फर्मान सोडलं, "मशीन चालू करा. सगळा माल बिघडलेला काढा." बाळकाका मशीनवर नऊ वर्षं होते. त्या नऊ वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता, की मशीननं निम्मे कंगवे बोळके काढले नाहीत. त्या दिवशी मात्र काकांनी उष्णता वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, शेवटी दोन लाथाही घातल्या. कंगवे येत होते ते एकसारखे, दात मोजून घ्यावेत असे.

"मालक, वाट लागली," काका कपाळ पुसत म्हणाले. "एकपण खराब नाय. लग्नात द्यावे असे निघतायत."

"मग अख्खेच भरा पोत्यात."

"अख्खे भरले तर मॅडम म्हणतील, माल लपवलाय."

आता कंगवे मोडणं आलं. दोघांनी तासभर मोडले, तेव्हा जेमतेम तीन किलो झाले आणि काकांचा अंगठा सुजला. तेव्हा उत्तराबाईंनी पदर खोचला आणि चाळीतून दहा जणींना बोलावून आणलं. सगळ्या कोकणातल्या. वाल सोलायला बसतात तशा त्या गोल करून बसल्या, मधे तयार मालाचा ढीग घेतला आणि गप्पा सुरू झाल्या. कुणाची सून काय बोलली इथपासून सुरुवात होऊन कुणाचा जावई काय बोलला नाही इथपर्यंत गाडी आली, तेव्हा साडेतीन वाजले होते. वाल सोलताना किडके बाजूला काढायची हाताला सवय. म्हणून लाल तुकडे एका बाजूला, निळे दुसऱ्या, काळे तिसऱ्या. काट्यावर पाव किलो कमी भरलं, तेव्हा प्रत्येकीनं घरी जाऊन स्वतःचा कंगवा आणून मोडला.

बरोबर चारला श्रुतिका मॅडम आल्या. वही पाहिली. पोती काट्यावर चढवली. पुन्हा उतरवून पुन्हा चढवली.

"परब, अकरा वर्षं मी कचरा मोजतेय," त्या हळूच म्हणाल्या. "वहीशी जुळलेला कचरा आज पहिल्यांदा पाहिला."

परबांनी हात जोडले. "मॅडम, त्याचं असं झालं…"

"काही सांगू नका. रंगाप्रमाणे वेगळा, वर एक डाग नाही! लोक घरात तांदूळ असे ठेवत नाहीत." त्यांनी फोटो काढले आणि कागदावर सही ठोकली. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बाकीच्या कारखानदारांना इथे आणणार. कचरा कसा असावा ते बघू देत. फक्त एक करा परब, इतकाच आणि अस्साच ठेवा. नाही दिसला, तर गेला कुठे, हे मला विचारावं लागेल."

त्या दिवसापासून मशीननं बिघडायचं सोडलं ते सोडलंच. सरकारमान्य कंपनी दर महिन्याला पोती उचलून नेते आणि पुढच्या सोमवारच्या आत नवे एक्केचाळीस किलो मोडावे लागतात. आज परबांकडे कंगवे करायला दोन माणसं आहेत आणि मोडायला अकरा जणी. गेल्या महिन्यात दादरच्या एका व्यापाऱ्यानं मोठी मागणी फोनवर नोंदवली. परबांनी वही उघडून पाहिली आणि नम्रपणे सांगितलं, "यंदा जमायचं नाही शेठ. आमकाच मोडूक पुरत नाय."