चहादाणीचं झाकण

शहरातल्या त्या कॅन्टनी पद्धतीच्या चिनी हॉटेलात दिलेली ऑर्डर वारसाहक्काने पुढे जाते. त्यामुळे अण्णा देसरकर खिडकीपाशी बसल्या बसल्या वारले, तेव्हा त्यांच्या कोळंबीच्या डिमसमवर आपोआप त्यांच्या मुलीचं, उज्ज्वलाचं नाव लागलं.

अण्णा बोटीवर नोकरीला होते. हाँगकाँगच्या बंदरात त्यांनी हा उकडीच्या मोदकासारखा वाफवलेला पदार्थ खाल्ला होता. नोकरी सोडल्यावर त्यांनी इथे येऊन तोच मागवला आणि तो येण्याची वाट पाहत मग ते उठलेच नाहीत. उठलं की ऑर्डर रद्द, असा नियम होता आणि अण्णा नियमाचे पक्के. जेवणाचा डबा घरून यायचा. हॉटेलची त्याला हरकत नव्हती. मुलीचं लग्न त्यांच्या टेबलापाशीच लागलं. अंतरपाट म्हणून हॉटेलचा टेबलक्लॉथ धरला आणि वऱ्हाडाला फक्त मिरचीचा सॉस मिळाला. उज्ज्वलाची आई गेली तेव्हा अण्णांनी खिडकीतूनच नमस्कार केला. ते मात्र उज्ज्वलाने त्यांना कधी माफ केलं नाही.

तेराव्यानंतर ती अण्णांच्या खुर्चीत येऊन बसली. ते डिमसम एकदाचे खायचे, घरी जायचं आणि या हॉटेलचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"किती वेळ लागेल?" तिने भिंतीला टेकलेल्या नाफडे वेटरला विचारलं.

"ताई, घाई असेल तर वाफेचं खायला येऊ नये," तो म्हणाला. "तुमचं होतच आलंय. अण्णांनाही मी हेच सांगायचो."

टेबलावर अण्णांची चहादाणी होती. झाकण तिरपं, वर एक माशी. उज्ज्वलाच्या आईने घरात साधं पाण्याचं भांडंही कधी उघडं ठेवलं नव्हतं. उज्ज्वलाचा हात सवयीने पुढे गेला आणि तिने झाकण नीट बसवलं.

नाफडे धावत आला. त्याला धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याने फडका मारला, चहादाणी उचलली आणि बडीशेप ठेवली.

"हे काय?"

"जेवण झालं ना तुमचं. झाकण उघडं म्हणजे गिऱ्हाईक थांबलंय. लावलं म्हणजे आटोपलं. आमच्याकडे तशी रीत आहे."

"पण काही आलंच नाही."

"आलं नाही ते वेगळं. झालं ते झालं."

"अण्णा हे कधी बोलले नाहीत."

"त्यांनी कधी झाकण लावलं नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ट्रॉली निघाली. बांबूच्या टोपलीवर अण्णांचं नाव खोडून उज्ज्वलाचं लिहिलेली चिठ्ठी होती. ट्रॉली उज्ज्वलाच्या समोरून गेली आणि शेजारी नुकत्याच येऊन बसलेल्या जोडप्यापाशी थांबली. नवऱ्याने एक तुकडा तोडला.

"थंड आहे," तो बायकोला म्हणाला. "पारी चिकट. आणि आत कोळंबी नाहीच."

ते अर्धं टाकून निघून गेले.

उज्ज्वलाला रडू आलं नाही, संताप आला. दार उघडं होतं, कुणी आडवं येत नव्हतं. पण अण्णांचं अख्खं आयुष्य असल्या गोष्टीपायी गेलं, हे कबूल करून घरी जाणं तिला जमेना.

"कोळंबीचे डिमसम," ती म्हणाली. "एक प्लेट."

"कसे असतात ते आत्ता ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"वारस?"

"मुक्ता. माझी मुलगी. सातवीत आहे."

नाफडेने चहादाणी परत आणली. उज्ज्वलाने झाकण तिरपं केलं आणि घरी फोन लावला.

"मुक्ता, उद्यापासून माझा डबा तू आणायचा," ती म्हणाली. "आणि इथे आल्यावर कशालाही हात लावायचा नाही."