गोदाबाईचा भरलेला गाल

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबूल करतो. माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले तर माफ करा. मोठे शब्दही मला फारसे येत नाहीत. पण गोष्ट लहान प्राण्यांची आहे. तिला लहान शब्द पुरावेत.

आता नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात चारोळीचे झाड होते. त्या झाडाच्या ढोलीत एक खारींचे कुटुंब राहत होते. घरात तिघे. बाबा झुपकेराव, आई गोदाबाई आणि त्यांची दुसरीत शिकणारी लेक, चिमी.

त्यांचा घरगुती धंदा होता. चारोळी फोडून द्यायचा.

तुम्ही बासुंदीत चारोळी खाल्ली असेल. पण ती फोडायला किती कठीण असते ते तुम्हाला ठाऊक नसेल. दगडाने ठेचली तर आतल्या दाण्याचा चुरा होतो. गोदाबाई मात्र बी दातात अशी धरी आणि अशी दाबी, की टरफलाचे दोन तुकडे व्हायचे आणि दाणा अख्खा बाहेर यायचा. झुपकेराव शेपटीने टरफले पाखडत. फोडणे त्यांना जमत नसे. त्यांनी फोडली की चुराच. आणि अस्वलशेठ हलवाई चुऱ्याला हात लावत नसत.

त्यामुळे गोदाबाईची सकाळ अशी असे. एका हाताने चिमीची शेपटी विंचरायची. दुसऱ्या हाताने डबा भरायचा. आणि तोंडाने चारोळी फोडायची. तोंड रिकामे नसल्यामुळे ती सकाळी फक्त ‘हं’ म्हणे. ‘हं’ म्हणजे डबा झाला. ‘हं हं’ म्हणजे पाढे म्हण. आणि लांबलचक ‘हंऽऽ’ म्हणजे, अहो, जरा इकडे बघाल का?

एके दिवशी गोदाबाईचा उजवा गाल फुगलेला दिसला.

झुपकेरावांनी तो पाहिला आणि ते गप्प बसले. त्याचे कारण ऐका. खारींमध्ये एक जुनी रीत आहे. कुणाचा गाल फुगलेला दिसला तर विचारायचे नाही. गालात शेंगदाणा असेल, बोर असेल, ज्याचा साठा त्याचा. चारचौघांत विचारणे तर फारच वाईट. झुपकेराव रीत पाळणारे गृहस्थ. त्यात स्वभावाने बुजरे. दोन दिवस त्यांनी बायकोच्या गालाकडे बघितलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी गोदाबाईने ताटातले फळ तसेच ठेवले.

“अगं, जेवत का नाहीस?”

“दाढ दुखतेय.”

“दाढ? मला वाटलं शेंगदाणे आहेत.”

“तीन दिवस एकच शेंगदाणा चघळतेय का मी?”

झुपकेरावांना फार वाईट वाटले. ते म्हणाले, “उद्या सकाळी उठल्याबरोबर सुतार डॉक्टरांकडे जाऊ.”

सुतार डॉक्टर म्हणजे सुतारपक्षी. दाढेतली कीड काढण्यात त्यांचा हात, म्हणजे चोच, धरणारा कुणी नव्हता. फक्त ते सकाळीच पेशंट बघत. सूर्य सागाच्या शेंड्यावर आला की दवाखाना बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर चिमीला आठवले, की आज शाळेत पिवळे फूल न्यायचे होते. ते शोधेपर्यंत सूर्य शेंड्यावर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात अस्वलशेठ उभे.

“झुपकेराव, सिंहमहाराजांचा वाढदिवस आलाय. सात टोपल्या दाणा पाहिजे. अख्खा हं. नेहमीसारखा.” मग त्यांची नजर गोदाबाईवर गेली. “वहिनी, गाल तर मस्त भरलाय. माल इथूनच कमी होतो म्हणायचा!”

आणि ते पोट हलवून हसले. झुपकेरावांना सांगायचे होते, की शेठ, तिची दाढ दुखतेय. पण शेठ जोरात हसत होते. जोरात हसणाऱ्या माणसासमोर, म्हणजे अस्वलासमोर, झुपकेरावांना बोलता येत नसे. तेही थोडेसे हसले.

गोदाबाईने डाव्या बाजूने चारोळी फोडायला घेतली.

“उद्या नक्की,” झुपकेराव म्हणाले.

“हं,” गोदाबाई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली.

शाळा साळुंकीबाईंची. बाई हुशार होत्या. त्या एका दमात दहा सूचना देत आणि अकरावीला दम घेत. चिठ्ठीत लिहिले होते, की शाळेत ‘आरोग्यदायी घर’ स्पर्धा आहे. मुलांनी आपल्या घराची प्रतिकृती स्वतः तयार करावी. पालकांनी अजिबात मदत करू नये. मात्र प्रतिकृती सुबक असावी. गेल्या वर्षी काही प्रतिकृती मुलांनी केल्यासारख्या दिसत होत्या, तसे यंदा होऊ नये. शिवाय गुरुवारी परीक्षक मंडळ प्रत्येक घरी येईल, तेव्हा आईने घरी आणि आनंदी असावे.

मग काय! गोदाबाईने टरफलांची ढोली केली. झुपकेरावांनी डिंक आणला. चिमीने डिंकात शेपटी बुडवली, म्हणून दुपार ती धुण्यात गेली. बाजूला सात टोपल्या होत्याच. गोदाबाई एक बी फोडी, गाल दाबून डोळे मिटी आणि टरफल प्रतिकृतीला चिकटवी.

ढोलीत तिने तिघांच्या बाहुल्या ठेवल्या. बाबा बाहुला झाडत होता. मुलगी बाहुली अभ्यास करत होती. आई बाहुली पानावर आडवी झाली होती.

“आई, हिला काय झालंय?” चिमीने विचारले.

“काही नाही. विश्रांती घेतेय.”

“म्हणजे काय करतेय?”

गोदाबाईने पुढची बी दातात धरली.

प्रतिकृती शाळेत गेली. साळुंकीबाईंनी ती तपासली आणि परत पाठवली. सोबत शेरा : ‘आईस उभे करावे. आडवी आई आजारी वाटते.’

गोदाबाईने बाहुली उभी केली. हातात टोपली दिली.

गुरुवार उजाडला. गोदाबाईचा गाल आता दुप्पट झाला होता. कानापर्यंत ठणका होता. अंगही तापले होते. झुपकेरावांनी मनाशी ठरवले, आज मंडळ आले की सरळ सांगायचे : माझी बायको आजारी आहे, आम्हाला दवाखान्यात जायचे आहे. हे वाक्य त्यांनी फांदीवर येरझाऱ्या घालत सतरा वेळा म्हणून पाहिले. सतराव्यांदा ते छान जमले.

मंडळ आले. पुढे साळुंकीबाई. मागे मंडळाच्या अध्यक्ष हत्तीणबाई. हत्तीणबाई इतक्या मोठ्या, की त्यांना खारी आधी दिसल्याच नाहीत.

“कुटुंब कुठे आहे?”

“हे काय, फांदीवर,” साळुंकीबाई म्हणाल्या.

हत्तीणबाईंनी डोळे बारीक केले. गोदाबाई अजून दिसली नव्हती. पण गाल दिसला.

“अग्गोबाई! काय हा गाल! केवढा भरलेला! आणि कसा लाल!”

झुपकेरावांनी तोंड उघडले. “माझी—”

“तुमची पत्नी ना? कळलं कळलं. भाग्यवान आहात.” हत्तीणबाई मंडळाकडे वळल्या. “लिहून घ्या. गाल म्हणजे आरोग्याचा आरसा. सगळं जंगल हिंडले मी, सगळ्या आया नुसत्या वाळलेल्या. आणि ही बघा, घर सांभाळते, शाळा सांभाळते, धंदा सांभाळते, तरी अंग धरून आहे. बाई, याचं रहस्य काय?”

गोदाबाईला तोंड उघडवत नव्हते. तिने फक्त मान हलवली.

“किती विनय!” हत्तीणबाई म्हणाल्या. “नाहीतर इतर आया. जाऊ तिथे तक्रारी.”

मग चिमीला निबंध वाचायला सांगितले. चिमी पुढे आली, हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली :

“माझे आरोग्यदायी घर. आमच्या घरी कोणी आजारी पडत नाही. कारण आमच्या घरी वेळ नसतो. आई म्हणते, आधी चिमीचं होऊ दे. बाबा म्हणतात, उद्या नक्की. मला माझे घर फार आवडते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साळुंकीबाईंनी डोळे पुसले. “वेळ नसतो! केवढा मोठा विचार! आळशी घरातच रोग शिरतात,” त्या म्हणाल्या.

पहिला नंबर तिथेच जाहीर झाला. सोमवारी सिंहमहाराजांच्या वाढदिवशी गोदाबाईचा जाहीर सत्कार व्हायचा होता.

झुपकेराव टाळ्या वाजवत होते. खोटे कशाला सांगू, थोडा अभिमानही त्यांना वाटला. मग त्यांनी बायकोकडे पाहिले. गोदाबाईने फांदीला पाठ टेकली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि मंडळ ते आनंदाश्रू समजून आणखी टाळ्या वाजवत होते.

झुपकेरावांचे हात थांबले. ते सतरा वेळा म्हटलेले वाक्य त्यांच्या घशातच राहिले होते.

शुक्रवारी त्यांनी कुणाला काही विचारले नाही. गोदाबाई डबा भरायला उठली, तेव्हा त्यांनी डबा काढून घेतला.

“अहो, चिमीची शाळा—”

“राहू दे.”

“टोपल्या—”

“राहू दे म्हणतो ना!”

ते ओरडले नव्हते. पण त्यांचा एवढा आवाजही घरात कुणी ऐकला नव्हता. चिमी मुकाट्याने बाबांच्या पाठीवर बसली.

सुतार डॉक्टरांनी गोदाबाईला तोंड उघडायला सांगितले आणि आत डोकावून मान मागे घेतली.

“किती दिवस झाले?”

“नऊ,” झुपकेराव म्हणाले.

“नऊ दिवस काय करत होता?”

“शाळा होती. सात टोपल्या होत्या. मग आरोग्याची स्पर्धा होती.”

“मग नंबर आला असेल.”

“पहिला.”

“अजून दोन दिवस थांबला असता तर फोटोला हार घालून सत्कार झाला असता,” डॉक्टर म्हणाले. मग टक, टक, टक, आणि चौथ्या ‘टक’ला दाढ बाहेर. गोदाबाई किंचाळली. मग तिने जीभ फिरवून पाहिली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. डॉक्टरांनी बजावले, की पंधरा दिवस चारोळी फोडायची नाही. आणि झोप काढायची.

सोमवारपर्यंत सूज पार उतरली. गोदाबाई हसू लागली. पाणी पिऊ लागली. चिमीला तर तिने चक्क एक गाणे म्हणून दाखवले. चिमीला माहीतच नव्हते, की आईला गाणे येते.

तिघे सत्काराला गेले. हत्तीणबाई हार घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या.

“ही कोण?”

“ह्याच गोदाबाई,” साळुंकीबाई म्हणाल्या.

“छे! त्यांचा गाल कुठे आहे?”

“उतरला,” गोदाबाई आनंदाने म्हणाली. “आता मी बरी आहे.”

मंडळ बाजूला गेले. कुजबुज झाली. चार दिवसांत गाल निम्म्यावर आला, म्हणजे तब्येत फारच ढासळली, यावर सगळ्यांचे एकमत झाले. शिवाय बाई आता बोलतही होत्या. बक्षीस काढून घेण्यात आले आणि तळ्याकाठच्या बेडूक कुटुंबाला देण्यात आले. ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फुगलेले होते.

चिमी हुंदके देऊ लागली. साळुंकीबाईंनी जाता जाता एक चिठ्ठी हातात ठेवली. गोदाबाईचे नाव ‘अशक्त माता’ यादीत घातले होते. उद्यापासून सात दिवस सूर्योदयाला त्यांनी ‘विश्रांतीचे महत्त्व’ या व्याख्यानाला हजर राहायचे होते. उशीर झाल्यास पाल्याला वर्गाबाहेर उभे करण्यात येईल.

टोपल्यांचे म्हणाल, तर त्या दोनच भरल्या होत्या. उरलेल्या पाच झुपकेरावांनी स्वतः फोडून दिल्या होत्या. सगळा चुरा. अस्वलशेठनी तो चिमटीत घेऊन पाहिला, डोके खाजवले आणि बासुंदीत ढकलला. सिंहमहाराजांनी चार वाट्या मागून खाल्ल्या. यंदाची बासुंदी दाट झाली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. व्याख्यानाची घंटा झाली. थोड्या वेळाने साळुंकीबाई स्वतः झाडाखाली आल्या. बाहेरच्या फांदीवर झुपकेराव एकटेच बसले होते. समोर चुऱ्याचा ढीग होता आणि ते चिमीची शेपटी विंचरत होते. भांग वाकडा पडला होता.

“गोदाबाई कुठे आहेत?”

झुपकेराव उभे राहिले.

“झोपलीय.”

“झोपलीय? व्याख्यान सुरू झालंय! विश्रांतीचं महत्त्व!”

“हो,” झुपकेराव म्हणाले. “हळू बोला.”

तात्पर्य : मुलांनो, बक्षीस हवे असेल तर आईला दवाखान्यात नेण्याची घाई करू नये. बरी झालेली आई कोणत्याही स्पर्धेत टिकत नाही.