माझोंडीच्या पोटाचा अधिकृत निकाल

डर्बनजवळच्या उमलाझीत एक अत्यंत गंभीर संशोधन नऊ वर्षं चालू होतं. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांच्या आतड्याचं अस्तर रोगाशी लढायला कितपत सज्ज आहे, हे त्यांच्या रक्तातल्या खुणांवरून ओळखायचं. पोटाकडे बघायची गरजच नाही! माझोंडी दर तीन महिन्यांनी यायची, सहा नळ्या रक्त द्यायची, मिळालेलं सँडविच खायची आणि घरी जायची.

त्या गुरुवारी मात्र ती वाकूनच आली. तीन आठवडे पोटात पीळ पडत होता, आणि शनिवारी लेकीचं लग्न! रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाकडच्यांशी नाचाची जुगलबंदी व्हायची होती. नवरीची आईच खुर्चीला चिकटून राहिली, तर तिच्या सगळ्या झोंडी कुळाचं नाक कापलं जाणार.

“नोम्पिलो बाळा, पोटाचं काहीतरी औषध दे गं.”

“मा, आमच्या अभ्यासात पोट आहे, पोटदुखी नाही,” सिस्टर नोम्पिलो अर्जावरून बोट फिरवत म्हणाली. “घरात खोल्या किती, पाणी कुठलं, शेळ्या किती... नाही हो, दुखण्याचा रकानाच नाही.”

“अगं, ‘इतर’ असा असेल की एखादा!”

“होता. बायका त्यात काहीबाही लिहायला लागल्या, म्हणून काढून टाकला.”

मग डॉक्टर गोवेंडर आले. त्यांनी संगणक तपासला. माझोंडीला तपासायचं कारण नव्हतं.

“अभिनंदन, मा! चारशे बारा बायकांत तुमचं अस्तर अव्वल!”

“मग हे दुखतंय ते काय शेजारणीचं?”

“रक्तात दिसत नाही, तोवर दुखणं हा फक्त आरोप आहे. आणि औषध दिलं तर रक्त बदलेल. रक्त बदललं की आमची नऊ वर्षं पाण्यात!”

डॉक्टर मनाने चांगले होते. दुखण्याची रीतसर शहानिशा करायला त्यांनी सातवी नळी घेतली. दोन तासांनी निकाल आला : वेदना आढळली नाही.

“बरं बाबांनो, निदान संडासाची किल्ली तरी द्या!”

“ती नमुना देणाऱ्यांनाच मिळते, मा,” नोम्पिलो हळहळली. “तुमचा आजचा नमुना रक्ताचा.”

माझोंडी दात आवळून फाटकाबाहेर पडली. तिथे पिठाचे तळलेले गोळे विकणाऱ्या म्हातारीने झारा खाली ठेवला. “काय गं पोरी, पोट दुखतंय का?”

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला, तोही रकान्याशिवाय. माझोंडीला रडूच फुटलं. म्हातारीने कमरेची घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

पुढे परदेशातल्या एका भव्य परिषदेत माझोंडीच्या अस्तराचा आलेख पडद्यावर झळकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रश्न एकच आला : आलेखातला हा सुंदर हिरवा रंग नेमका कुठला?

हसलात ना? मग शनिवारी ती नाचली की नाही, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?