पास्कूभाऊंची मुकी स्वयंपाकीण

शारजाहून दुबईकडे जाताना गाड्या ठप्प झाल्या, की लोक हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. आमचे पास्कूभाऊ काच खाली करून गायचे. तेही फ्रेंचमध्ये! हातातल्या स्टीलच्या उलथन्याने पुढच्या ट्रकला ताल द्यायचे.

पास्कूभाऊ मूळचे वसईचे, शारजातल्या रोल्ला भागात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. मी त्यांच्या गाडीतून दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसला जायचे. ते तिथल्याच एका हॉटेलात बँक्वेट, म्हणजे मेजवान्या, सांभाळायचे. हॉटेलातल्या पियानोवाल्याने त्यांना एका फ्रेंच विनोदी संगीतिकेची सीडी दिली होती. दीडशे वर्षांपूर्वीची, एका अंकाची. गढीवरचा बढाईखोर सरदार, त्याची मुलगी, तिचा प्रियकर आणि एक मुकी स्वयंपाकीण. "एक अंक, चाळीस मिनिटं, खलास!" हे पास्कूभाऊंचं पालुपद. ऑफिस येईपर्यंत ती दोनदा खलास व्हायची.

मग इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ती मराठीत उतरवली. सरदार स्वतः, प्रियकर दुसऱ्या मजल्यावरचा कुलकर्णी आणि सतरा वर्षांची मुलगी मी. वय सत्तेचाळीस. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, यावरून मी काय चीज होते ते ओळखा. मी रियाझाला बसले की नवरा कचरा टाकायला जायचा, पिशवी रिकामी असली तरी. आज नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, सो क्रिंज!"

स्वयंपाकीण मात्र तालमीला कधी आलीच नाही. विचारलं की पास्कूभाऊ म्हणायचे, "येईल, इन्शाल्ला."

अशात मंडळाने कळवलं, तीसच मिनिटं मिळतील.

"स्वयंपाकीण उडवा," मी गाडीत म्हटलं. "बोलत नाही, गात नाही. हवीय कशाला?"

"वहिनी, त्या काळी पॅरिसातल्या छोट्या थिएटरांना मोजकीच बोलणारी पात्रं ठेवायची परवानगी होती. जास्तीचं हवं तर मुकं करायचं. इतिहास आहे तो!"

"इथे कोण येतंय मोजायला?"

"सरदाराला कापा, कुलकर्ण्याला कापा. ती राहणार."

"मग मी नाही."

पास्कूभाऊंनी काच वर केली. संध्याकाळी मला वर घरी घेऊन गेले.

त्यांच्या बायकोला, मार्थावहिनींना, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय सावरले, वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून घरात कुणी आलं की त्यांच्या खोलीचं दार बंद. मीही कधी ठोठावलं नव्हतं.

त्या दिवशी दार उघडं होतं. मार्थावहिनी आरशासमोर उभ्या. कमरेला ॲप्रन, डोक्यावर नॅपकिनची टोपी, हातात उगारलेला डाव. मला पाहून दचकल्या. क्षणभर वाटलं, दार लावतील. मग त्यांनी तो डाव माझ्यावरच उगारला.

"तीन महिने झाले, रोज असं चाललंय," पास्कूभाऊ हळूच म्हणाले. "पण बाहेर यायचं म्हटलं की..."

"माझं दुसरं गाणं काढा," मी म्हटलं.

"काढलं."

माणसाने एकदा तरी 'नको' म्हणावं!

प्रयोगाला मार्थावहिनी आल्या. डाव आपटला. लोक हसले. त्या थांबल्या, हसू ओसरू दिलं आणि पुन्हा आपटला. हॉल हशाने दणाणला. पुढची ओळ सरदाराची होती. सरदार गाईना. कुलकर्ण्याने कोपर मारलं, मी चिमटा काढला. पास्कूभाऊंना पत्ताच नाही. ते आपले तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत उभे.