मोठ्या पडद्यावरचा जावई

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझा शब्द शेवटचा! त्यामुळे भाची आरोहीला बघायला बंगळूरचा मुलगा व्हिडिओ कॉलवर येणार म्हटल्यावर मी अक्काला सांगून टाकलं, "तुम्ही सगळे सोलापूरला माझ्याकडे या. जावई असा दाखवतो की मिशीचा केस न् केस मोजता येईल!"

लगेच फोर-केचा भलाथोरला मॉनिटर आणला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडला. काय चित्र दिसत होतं, महाराजा! लॅपटॉपचा पंखा मात्र जोरात घरघरायला लागला. मी म्हटलं, खुशीत आहे बिचारा.

रंभाक्का आणि हिंदुराव दाजी आरोहीला घेऊन मोडनिंबहून सकाळीच हजर झाले. आरोहीला मुलगा, पृथ्वीराज, फोटोतच पसंत पडला होता. फक्त दाजींचा होकार बाकी होता. अक्कानं मॉनिटरपुढं शिऱ्याची बशी ठेवली.

"अक्का, तो बंगळूरला आहे!"

"असू दे की! पाव्हण्याम्होरं रिकामं टेबल बरं दिसतं व्हय?"

कॉल लागला. पडद्यावर पृथ्वीराज प्रकटला, खिडकीएवढा! मुलगा भलताच लाजाळू. तोंड उघडायचं नाव नाही, नुसती मान हलवणार. दाजींनी टोपी सारखी केली.

"मोडनिंबला याल न्हवं अधनंमधनं?"

मुलगा ढिम्म! दाजींच्या कपाळाला आठी.

"बरं. दारूबिरू पिता काय?"

पृथ्वीराजनं आनंदानं मान डोलावली. होय, होय!

"आन् गुटखा?" दाजींचा आवाज चढला.

ठाम नकार.

"दारू पितोय आन् गुटखा न्हाय म्हनतोय!" अक्का कुजबुजली. "हे कसलं सोवळं गं बाई?"

मी मध्ये पडलो. "अहो, मुलगा खरं बोलतोय! लपवाछपवी नाही!"

आता आरोहीच पुढं सरसावली. "लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल ना?"

पुन्हा ठाम नकार!

आरोही ताडकन उठली. डोळ्यांत पाणी. "मामा, बंद करा ते!" दाजी चपला शोधायला लागले. मी घाईघाईनं माउस हलवला, तर बाण जागचा हलेना. लॅपटॉप इतका तापला होता की भाकरी भाजली असती!

तेवढ्यात पडद्यावर पृथ्वीराजनं जोरजोरात मान डोलावली.

आरोही थबकली. "आता कुणी काय विचारलं?"

"कुनीच न्हाय," दाजी म्हणाले.

"मग हा होय कशाला म्हणतोय?" ती पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "मामा! चित्र एक प्रश्न मागं आहे! आत्ताचा होकार नोकरीचा होता! तुमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला एवढा मोठा पडदा झेपत नाही!"

तिनं मॉनिटरची वायरच उपसली.

लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर पृथ्वीराज एकदम चपळ झाला. दाजींनी पहिल्यापासून विचारायला घेतलं. दारू? मान आडवी. गुटखा? आडवी. नोकरी? उभी! मोडनिंब? इतकी उभी की त्याचा चष्मा घसरला!

"जमलं!" दाजी गरजले आणि पाहुण्याचा शिरा त्यांनीच संपवला.

आनंदाच्या भरात मी जाहीर केलं, "आरोही, हा मॉनिटर तुम्हा दोघांना माझा आहेर!"

आरोहीनं हात जोडले. "नको मामा! आमचा संसार नीट चालू द्या की!"

तेव्हा मॉनिटर सध्या माझ्याकडेच आहे. बंद असला की फार सुंदर दिसतो.