बाकीच्या शेळ्यांकडे कोण बघणार?

सपनाच्या रविवारच्या वर्गात त्या सकाळी सुरुवातीलाच घोडं अडलं. धडा हरवलेल्या मेंढराचा होता आणि पाड्यावरच्या एकाही पोराने मेंढरू पाहिलेलं नव्हतं. सपना आठवडाभर तारापूरच्या एका कारखान्यात डबे भरायची आणि रविवारी पोरांना येशूच्या गोष्टी सांगायची. एवढ्यातेवढ्याला अडून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने मेंढराची सरळ शेळी करून टाकली, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वर्ग भरायचा नरहरीकाकांच्या ओट्यावर. काकांची चिकूची वाडी होती, वालाचे वेल होते आणि राग कायम नाकावर होता. त्यांचे देव वेगळे. पण पावसाळ्यात पोरं झाडाखाली भिजत बसलेली त्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी आपण होऊन ओटा दिला. अट एकच घातली, "माज्या वाडीतल्या पानाला शेळीचा तोंड लागला, तर ओटा बंद!"

अट अगदीच वायफळ नव्हती. रविवारी शेळ्या चारायचं काम पोरांकडे, त्यामुळे ती वर्गाला यायची ती शेळ्या घेऊनच. शेळ्या समोरच्या पडीक रानात चरायच्या आणि पोरं एक कान ताईकडे, एक डोळा शेळ्यांकडे ठेवून बसायची. नाताळ तोंडावर आला होता. ओटा गेला तर कार्यक्रम करायचा कुठे, या विचाराने सपनाच्या जिवाला घोर लागायचा.

"एका माणसाच्या शंभर शेळ्या होत्या," ती सांगू लागली. "एक हरवली. मग त्याने काय केला? नव्याण्णव रानात सोडल्या नि त्या एकीला शोधायला गेला."

"मग बाकीच्यांकडं कोण बघला?" पारूने विचारलं.

सपना अडखळली. "देव बघतो गं! तू पुढं ऐक. सापडल्यावर त्याने तिला खांद्यावर घेतली, नि शेजाऱ्यांना बोलवून आनंद केला."

"शेळी लई जड असते ताई," जिवल्या अनुभवाने म्हणाला.

एवढ्यात पारू ताडकन उठली. "ताई, माजी कवडी नाय!"

कवडी म्हणजे पारूची ठिपक्यांची शेळी. आई मेलेलं ते करडू पारूने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. पारूचे डोळे भरले. एरवी एखादं पोर शोधायला गेलं असतं आणि बाकीची राखणीला थांबली असती. पण वर्ग नुकताच शहाणा झाला होता.

"चला रे! बाकीच्यांकडं देव बघतो!" जिवल्या ओरडला आणि ओटा रिकामा झाला. थांबा म्हणावं तर आपलाच धडा खोटा पडतो, म्हणून सपनाही मागोमाग धावली.

ओहोळ पाहिला, करवंदीची जाळी पाहिली, रस्त्याखालची मोरी पाहिली. कवडी सापडेना. तेवढ्यात वाडीतून आरोळी आली आणि सगळे उलटे पळाले.

कुंपणाच्या फटीतून सगळा कळप आत शिरला होता. वेल लोळत होते, शेंगा विखुरल्या होत्या आणि अंगावर नुसता टॉवेल गुंडाळलेले नरहरीकाका काठी घेऊन शेळ्यांना एका कोपऱ्यात कोंडत होते.

"सपना! शेळ्या सोडून पोरं कुटं पळवलीस?"

"काका, एक शेळी हरवली म्हणून..."

"एकीसाटी सगळ्या सोडल्या? कोण शाना मानूस असा करतो?"

कोण करतो, हे सांगायची ती वेळ नव्हती. 

"आजपासून ओटा बंद!" काका गरजले.

"बेंऽऽ," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

मागच्या दारात केळीची साल चघळत कवडी उभी होती. तिच्यामागे जयवंतीकाकी.

"अवो, ओरडता कशाला? रोज येते बिचारी. मी साली घालते तिला."

"रोज?"

"तुमी आंगोळीला गेलात का येते. कुंपनाला फट मीच ठेवली हाय तिच्यासाटी."

काकांनी काठी खाली टेकवली. पारू कवडीच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. मग नाक पुसत म्हणाली, "काकी, सापडली ना? आता शेजाऱ्यांना बोलवायचा असतो."

काकींनी जमिनीवरच्या शेंगांकडे पाहिलं. "बोलव. एवढ्या शेंगांचा मी तरी काय करू? उकडहंडी लावते."

दुपारी मडक्याचं तोंड उघडलं तेव्हा वालाच्या शेंगा, रताळी आणि कोनफळाचा वास पाड्यापर्यंत गेला. पोरं पानं मांडून ओट्यावर बसली. काका एका कडेला बसले. जेवणं उरकली की ओटा बंद झाल्याचं पुन्हा एकदा ठणकावून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सपनाने पारूला प्रार्थना करायला सांगितली. पारूने डोळे घट्ट मिटले.

"देवा, कवडी सापडली, तुजे उपकार. काकीने तिला खायला घातला, तुजे उपकार. नरहरीकाकांनी ओटा दिला, वाल दिले, तुजे उपकार. नि आमी गेलो तवा बाकीच्या शेळ्यांकडं काकांनी बघितला, त्यांचे पन मोटे उपकार. आमेन."

सपनाला गहिवरून आलं. सकाळी तिला न सुचलेलं उत्तर पारूला सापडलं होतं, आणि ते टॉवेल गुंडाळून समोरच बसलं होतं. तिने डोळे पुसत काकांना हात जोडले. काकांनी घसा खाकरून टॉवेल नीट खोचला.

"पुढल्या रविवारी काय शिकवनार हायस?" त्यांनी विचारलं.

"नोहाची नाव, काका. पूर येतो, नि नोहा सगळ्या जातीची जनावरं नावेत घेतो."

काका सावध झाले. "शेळ्या किती?"

"एकच जोडी."

काकांनी ओट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"मावेल," ते म्हणाले, आणि त्यांनी पान पुढे ओढलं.